दोन कट्टे, पाच दशक

आमच्या शाळेच्या फरशीवर जेवढा ऑइलपेंट ओतलाय, तेवढं जरी पोरांच्या डोक्यात उतरलं असतं ना, तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं. पण नाही. सोलापूरच्या पूर्वभागातली आमची ही सरकारी मराठी शाळा. एका बाजूला यंत्रमागाची खटखट, दुसऱ्या बाजूला धुणी वाळत घातलेली गल्ली, आणि मधे आम्ही. दुसरीचा वर्ग माझ्याकडे. वर्गात मराठी घरात बोलणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकी सगळी तेलुगू, दोन-चार दखनी.

ज्ञानरचनावाद आमच्याकडे आला तो प्रशिक्षणातून. एका मोठ्या हॉलमध्ये आम्हा शिक्षकांना ओळीनं खुर्च्यांवर बसवलेलं. समोर पडद्यावर अक्षरं सरकत होती आणि एक तज्ज्ञ माइक हातात धरून सांगत होते, "ज्ञान दिलं जात नाही. मूल आपल्या अनुभवातून ते स्वतः रचतं. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी आम्हाला एक शब्द बोलू दिला नाही, आणि मुलांना बोलू द्या म्हणून बजावून ते जेवायला गेले. माझ्या शेजारच्या बाई मस्त झोपल्या होत्या.

हसू आलं खरं, पण खोटं का सांगू, ते वाक्य माझ्या मनात बसलं. त्याचं कारण आहे. आमच्या घरात कन्नड. पहिलीत मराठी शाळेत गेले तेव्हा बाईंनी चित्रातला कांदा दाखवून विचारलं, हे काय? मी मोठ्यांदा सांगितलं, "उळ्ळागड्डी!" सगळा वर्ग खो खो हसला. कांदा मला चांगला माहीत होता हो. आईच्या शेजारी बसून मी तो सोलत होते. पण त्या दिवसापासून माझं तोंड जे बंद झालं ते पुढं कितीतरी दिवस उघडलं नाही. म्हणून प्रशिक्षणातलं ते वाक्य ऐकून मला वाटलं, चला, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय.

आमच्या मुख्याध्यापकांना मात्र त्यातून वेगळंच समजलं. त्यांनी दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं आणि वर्गावर्गातून फरशीवर अंकांची शिडी, फळांची चित्रं, बाराखडीचं चक्र, सगळं रंगवून घेतलं. भडक लाल, भडक निळं. दोन दिवस पोरं व्हरांड्यात. मग आत आली तर सर दारातच उभे. "ए, चपला काढा! चित्रावर बसू नका, रंग जातोय! कडेनं बसा, कडेनं!" पोरं बिचारी भिंतीला चिकटून बसली आणि मधल्या मोकळ्या फरशीवर आमचा रचनावाद चकाकत पडला. मी म्हटलं, "सर, पोरांनी त्यावर उड्या मारायच्यात." तर म्हणाले, "मारू द्या की बाई, पण भेट होऊन जाऊ दे." भेट म्हणजे वरच्या साहेबांची भेट. आमच्या शाळेत सगळं काही त्या भेटीनंतर करायचं असतं.

त्याच वर्षी ती पोरगी माझ्या वर्गात आली. बारकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि तोंडाला कुलूप. पहिलीतल्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तिच्या नादाला लागू नका. डोक्यात काही शिरत नाही. मंद आहे." हा शब्द मला ऐकवत नाही. माझं टाळकंच फिरतं. मी म्हटलं, "तुम्ही तिच्याशी तेलुगूत बोललात का कधी?" तर त्या म्हणाल्या, "मला कुठं येतं?" झालं! पोरीला मराठी येत नाही म्हणून पोरगी मंद, बाईंना तेलुगू येत नाही त्याचं काही नाही.

तिची आई घरी विड्या वळायची. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणींच्या आया वळतात. रोज सकाळी वळलेल्या विड्या पिशवीत घालून कारखान्यात द्यायच्या, नवीन पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, दुपारपासून मांडीवर सूप घेऊन बसायचं. पोरी शाळेतून आल्या की दप्तर टाकून आईच्या शेजारी बसतात. कुणी पानं कापतं, कुणी विड्यांची तोंडं दुमडतं, कुणी जुड्या बांधतं. याला कुणी काम म्हणत नाही. आईला मदत म्हणतात.

गणितात आमचं दशकाचं चाललं होतं. खराट्याच्या काड्या मोजायच्या, दहा झाल्या की रबर लावायचं, झाला एक दशक. सगळी पोरं दहा-दहाच्या जुड्या करत होती. ही काड्या मोजत राहायची, मोजत राहायची आणि भलतीच जाडजूड जुडी बांधून माझ्यासमोर ठेवायची. मी सोडायची, दहा मोजून दाखवायची. ती बघायची, मान हलवायची आणि परत तेवढीच जाड जुडी. एकदा मला राग आला. म्हटलं, ही मुद्दाम करते की काय? म्हणून तिची जुडी सोडून मी मोजली. पंचवीस. दुसरी सोडली. पंचवीस. तिसरीही पंचवीस. एक काडी कमी नाही, एक जास्त नाही.

मी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय?" ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. "कट्टा."

विड्यांची जुडी पंचवीसची असते. तिच्या घरी तिला कट्टा म्हणतात. म्हणजे या पोरीला मोजता येत होतं, बांधता येत होतं, हात तर असा बसलेला की मोठ्या माणसानं बघत राहावं, आणि आम्ही सगळे मिळून तिला मंद म्हणत होतो. मी तिथंच फरशीवर बसले. होय, पेंट केलेल्या आंब्यावर बसले, आणि तिला म्हटलं, चल, दोन कट्टे घे. आता सोड. आता दहा-दहाचे बांध. माझं तेलुगू तोडकंमोडकं, पण आकडे कन्नडच्या जवळचे, त्यामुळे जमलं.

तिनं बांधले. पाच दशक झाले. तिनं आजूबाजूला हातानं चाचपून बघितलं, एखादी काडी कुठं पडलीय का. नव्हती. तिनं सगळं सोडलं आणि परत दोन कट्टे बांधले. परत सोडले, परत पाच दशक. जीभ चावून गप्प बसले, नाहीतर आम्हा शिक्षकांना राहवतं कुठलं! बाकीची पोरं ओरडत होती, एकानं दुसऱ्याची पेन्सिल पळवली होती, आणि ही आपली सोडतेय, बांधतेय. मग एकदम मान वर करून मराठीत म्हणाली, "बाई, एक कट्टा मोडला की पाच उरतात. दुसरा मोडला की त्याचे पण पाच उरतात. मग ते पाच आणि हे पाच एक होतात. काईच उरत न्हाई की!"

माझ्या वर्गात तिनं बोललेलं हे पहिलं पुरतं वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते लपवलंही नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल, पोरांनी हजार वेळा उतरवून घेतलं असेल, पण एखाद्या पोरानं माझ्यासमोर बसून स्वतःच्या हातानं गणित शोधून काढलेलं मी त्या दिवशी बघितलं. मी तिला जवळ घेतलं तर ती अवघडली. तिला अजून चार कट्ट्यांचं बघायचं होतं.

त्यानंतर ती पोरगी सुटलीच! काय तिचं बोलणं! निम्मं तेलुगू, निम्मं मराठी, मधे माझं कन्नड. "बाई, हे का? बाई, असं केलं तर?" दुसऱ्या पोरांना शिकवायला जायची, त्यांना जमलं नाही की रागवायची, अगदी माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून. मधल्या सुट्टीतही माझी पाठ सोडायची नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं बये, मला डबा तरी खाऊ दे!" तर म्हणाली, "खावा की, मी इथंच बसते." पहिलीतल्या बाई दारातून बघून गेल्या.

मी सगळ्या वर्गाला सांगितलं, घरी तुम्ही जे मोजता ते घेऊन या. कुणी टॉवेलच्या दशा आणल्या, कुणी बटणं आणली, एकानं अंडी आणली, ती फुटली आणि सगळ्या वर्गाला वास. ही विड्या घेऊन आली. घाबरू नका, रिकाम्या विड्या. टाकून दिलेल्या पानांचे तुकडे नीट कापून, वळून, दोऱ्यानं बांधलेले. मी एकूण एक हुंगून बघितल्या, तंबाखूचा कणसुद्धा नव्हता. तिला काड्यांपेक्षा त्या हाताला बऱ्या वाटायच्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात भेट झाली. साहेब आले. फरशीवरचा आंबा बघितला, शिडी बघितली, मान डोलवली. आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. ही मांडीवर डब्याचं झाकण घेऊन बसलेली, झाकणात त्या रिकाम्या विड्या, शेजारी कट्टे रचलेले, आणि खाली मान घालून भराभरा मोजतेय. साहेब भारीच खूश. "वा! हाच खरा ज्ञानरचनावाद! परिसरातून शिक्षण!" मोबाइल काढला आणि फोटो घेतला. "बाळ, इकडं बघ, हात तसेच ठेव." तिनं हात तसेच ठेवले. काय शिकलीस, हे तिला एका शब्दानं विचारलं नाही. मी सांगायला गेले, पाच आणि पाच कसे मिळतात ते, तर म्हणाले, "छान, छान, उपक्रम लिहून पाठवा."

फोटो त्यांच्या ग्रुपवर गेला. तिथून तो आमच्या मुख्याध्यापकांनी उचलला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला, वर फुलं, टाळ्या आणि "आपल्या शाळेचा आगळावेगळा उपक्रम!" संध्याकाळपर्यंत तो साऱ्या गल्लीत फिरला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळेला तिची आई दारात उभी. या बाईला मी आधी एक-दोनदा बघितलं होतं, कायम घाईत, कधी वर तोंड करून बोलली नव्हती. त्या दिवशी तिचा आवाज चढलेला. "बाई, तुमी माझ्या पोरीला शाळंत विड्या वळायला बसवता?"

मी म्हटलं, "अक्का, तसं नाही. ती गणित शिकत होती. तुम्ही आत या, मी दाखवते."

"मी काय बघू? मी दिवसभर तेच बघते की!" तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "माझ्या सासूनं विड्या वळल्या. मी वळते. माझी कंबर गेली, खोकला जात न्हाई. पोरीला शाळंत कशाला घातलं मी? ते सूप सुटावं म्हणून घातलं. आन् तुमी तेच तिच्या मांडीवर ठेवलं."

"सूप नव्हतं हो, डब्याचं झाकण होतं," मी म्हणाले. काय बावळटासारखं बोलले! पण सुचलंच नाही दुसरं काही.

मग ती रडायला लागली. तिच्या जाऊबाईच्या माहेरचं कुणीतरी फोटो बघून म्हणालं होतं, पोरीचा हात आत्तापासून बसलाय, चांगलं झालं, मोठी झाली की कार्ड काढून टाका, लग्नाला अडचण न्हाई. आमच्या भागात हे असं आहे. पोरीच्या नावावर विडी कामगाराचं कार्ड असलं की स्थळं लवकर येतात. सून येणार ती कमावतीच येणार, सासूला आणखी काय पाहिजे? त्या बाईला आपल्या लेकीचं सगळं आयुष्य त्या एका फोटोत दिसलं आणि ती हादरली. मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा शाळा डोक्यावर घेतली असती.

मी लेकीला हाक मारली. म्हटलं, आईला दाखव तुला काय सापडलं ते. तिनं जोरात सुरुवात केली, "अम्मा, एक कट्टा मोडला की..." आणि आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. कट्टा हा शब्द ऐकूनच घातला. पोरगी तिथंच थांबली. पुढचं तिनं सांगितलं नाही.

मुख्याध्यापकांवर मी त्या दिवशी इतकी भडकले की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहिली. "कुणाला विचारून टाकलात फोटो? तिच्या आईला विचारलं होतं?" ते ततपप करत म्हणाले, "अहो बाई, मी तर तुमचं कौतुकच केलं." खरंच त्यांना तसंच वाटत होतं. आता अशा माणसाशी भांडून काय करायचं?

आई पोरीचं नाव शाळेतून काढणार असं कानावर आलं, म्हणून संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर आई सूप घेऊन बसलेली. मला बघून तिनं पाणी दिलं, बसायला सांगितलं, पण हात काही थांबले नाहीत. मी हात जोडून सांगितलं, "अक्का, विड्यांचं नाव काढणार नाही. फोटो काढू देणार नाही. पण पोरगी माझ्या वर्गातून काढू नका. ती आता कुठं बोलायला लागलीय. तिला असं मधेच उचललंत तर ती पुन्हा गप्प होईल."

ती म्हणाली, "बाई, तुमी लई चांगल्या हाय. पण तुमी शिकवता ते आमच्या घरातलंच हाय की. घरातलं तर मी शिकवते. शाळेनं घरात न्हाई ते शिकवावं."

यावर माझ्याकडं उत्तर होतं. चांगलं मोठं उत्तर होतं, प्रशिक्षणात लिहून घेतलेलं. जे माहीत आहे त्यावर पाय ठेवूनच मूल पुढं जातं, असं काहीतरी. पण त्या ओट्यावर, त्या तंबाखूच्या वासात, ते माझ्या तोंडातून बाहेर पडेना. तिला लेक पुढं जायला नको होती. तिला ती तिथून उठून दुसरीकडंच जायला हवी होती. इंग्लिश मीडियममध्ये नाव घालायचं ठरलंच होतं. दोन गल्ल्या सोडून, दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरणारी शाळा. पोरगी आतल्या बाजूला पाठमोरी बसून पानं कापत होती. मी गेले तरी उठली नाही. जाताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर आईकडं बघून तिनं मान खाली घातली.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. आणि ती आई चुकली असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. हेच तर दुखणं आहे. कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती तर बरं झालं असतं. साहेबांच्या नावानं मोडून बघितली, मुख्याध्यापकांच्या नावानं मोडून बघितली. काही उपयोग झाला नाही. वर्गात मी पुन्हा फळ्यावर लिहू लागले. दुसरीची पोरं उतरवून घेऊ लागली. पालकांना ते पसंत पडलं.

दसऱ्याच्या आधी नव्या पेठेत गेले होते, साडी फॉल लावायला टाकलेली ती आणायला. गर्दी मरणाची. रिक्षावाले हॉर्न वाजवत माणसांतून वाट काढत होते, आणि कापडाच्या दुकानासमोर तिची आई मला दिसली. मला वाटलं, तोंड फिरवेल. पण ती आपणहून पुढं आली, माझा हात धरला. "बाई, बऱ्या हाय ना? बघा की हिला!" शेजारी ती. टाय, पट्टा, बूट, केस छोटे कापलेले. मी ओळखलंच नसतं.

"म्हण की, बाईंना म्हणून दाखव," आई म्हणाली. पोरीनं हात मागं बांधले आणि कुठंतरी माझ्या खांद्यापलीकडं बघत इंग्रजीत दोनाचा पाढा म्हटला, मग पाचाचा, मग आठवड्याचे वार, मग महिने. कुठं अडखळली नाही. आजूबाजूची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. आईचा चेहरा मी त्याआधी असा कधी बघितला नव्हता. ओट्यावर सूप घेऊन बसलेली तीच बाई का, असा प्रश्न पडावा. मग दुकानदारानं हाक मारली आणि ती पिशवी घ्यायला आत गेली.

आम्ही दोघीच उरलो. मी खाली वाकले आणि तेलुगूत विचारलं, "शाळा आवडते का गं? बाईंना प्रश्न विचारतेस का तिथं, मला छळायचीस तसे?"

तिनं आधी आई कुठं आहे ते बघितलं. मग मराठीत, अगदी हळू म्हणाली, "न्हाई बाई. तिथं काय कळत न्हाई मला. मग मी गपच बसते." परत एकदा दुकानाकडं बघितलं. "गप बसते म्हणून तिथं मला लई हुशार म्हणतात."

तेवढ्यात आई पिशवी घेऊन आली. "काय म्हणते हो? शिकतेय ना नीट?" तिनं विचारलं. विचारताना ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मी जे सांगेन ते ती घरी घेऊन जाणार होती, सगळ्यांना सांगणार होती. पोरगीही बघत होती. तिनं माझा पदर धरला होता.

"हो तर," मी म्हणाले. "फार छान शिकतेय."

पोरीनं माझा पदर सोडला आणि आईचा हात धरला.